पाइपलाइनच्या अहवालाचा एकुलता एक वाचक

अहवाल चारशे बारा पानांचा होता आणि तो वाचण्याची कुणावरही सक्ती नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे काही रामायण घडलं ते ग्रंथपालांनी तो वाचला एवढ्यामुळेच घडलं.

वस्तीच्या पोटातून तेलाची एक जुनी पाइपलाइन जाते. चाळीसेक वर्षं ती जमिनीखाली मुकाट पडून होती आणि तिच्या डोक्यावर राहणाऱ्या निम्म्या लोकांना तिचा पत्ताही नव्हता. मग तिच्या शेजारी दुप्पट जाडीची दुसरी लाइन टाकायची बातमी आली, आणि वस्तीच्या सोशल मीडियावरच्या ग्रुपमध्ये एका दुपारीत दोन तट पडले. एक 'हवी', दुसरा 'नको'.

हवीवाल्यांचे पुढारी ग्रंथपालांचे शेजारी, निवृत्त वेल्डर. जुन्या लाइनचे किती सांधे त्यांनी स्वतःच्या हातानं जोडले होते, हे ते विचारल्याशिवायही सांगत. नकोवाल्यांच्या पुढारी समोरच्या इमारतीतल्या योगाताई. त्या सकाळी पंधरा जणांना रागावर ताबा कसा ठेवावा हे शिकवत आणि दुपारी ग्रुपवर उतरत.

"तेल नको ना? मग स्कूटर ढकलत न्या!"

"तुमच्या नातवंडांनी काय डिझेल हुंगायचं का?"

"ताई, तुमची योगाची चटई कशापासून बनते, बघा जरा."

"माझ्या चटईवर जायचं काम नाही!"

मध्येच कुणीतरी मेलेल्या माशाचा फोटो टाकी. तो मासा कुठला, कशानं मेला, काही कळत नसे. पण त्यानंतर तासभर चर्चेला नवा जोर चढे. तीन दिवसांत चार हजार कमेंट झाल्या. मुलीनं सुट्टीत येऊन फोनमध्ये हा ग्रुप घालून दिल्यापासून ग्रंथपाल त्यावर फक्त वाचक होते. चार हजारही त्यांनी वाचल्या, क्रमानं. आणि त्यांना एक शंका आली, की ज्या अहवालावर हे सगळं चाललं आहे तो यांच्यापैकी कुणी पाहिला तरी आहे का?

सार्वजनिक वाचनालयात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला अशी शंका स्वस्थ बसू देत नाही. मत देण्याआधी वाचावं, आणि वाचण्याआधी प्रकाशनाचं वर्ष पाहावं, ही त्यांची दोनच तत्त्वं. तिसरं होतं, ते पुढे येईल. त्याच तिसऱ्यानं घात केला.

अहवाल सरकारी कार्यालयात 'जनतेच्या अवलोकनार्थ' ठेवलेला होता. म्हणजे कपाटात. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली आवक कारकुनाकडे. कारकून दोन दिवस रजेवर होता. तिसऱ्या दिवशी त्यानं कपाट उघडलं, अहवालावरची धूळ झटकली आणि ग्रंथपालांकडे संशयानं पाहिलं.

"कुणाच्या वतीनं वाचताय?"

"माझ्याच."

"कंपनीचे आहात?"

"नाही."

"आंदोलनवाले?"

"नाही हो."

"मग वाचताय कशाला?"

ग्रंथपालांनी अहवाल उचलला. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून वाचू लागले. सहा दिवस वाचत होते. जेवायला उठताना पानात कागदाची पट्टी ठेवत. सहाव्या दिवशी पान दोनशे सतरा आलं, आणि त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

त्या पानावर नकाशा होता. नव्या लाइनला एक मोठा व्हॉल्व्ह लागणार होता, गळती झाली तर तेलाचा प्रवाह बंद करण्यासाठी. त्याची खोली, भोवती काटेरी कुंपण, वर भोंगा. हे सगळं जिथं दाखवलं होतं तिथं लिहिलं होतं, 'रिकामा भूखंड'. ग्रंथपालांनी सवयीनं कोपऱ्यात वर्ष पाहिलं. नकाशा एकेचाळीस वर्षांपूर्वीचा. त्यांनी कागदाच्या पट्टीनं पाण्याच्या टाकीपासून अंतर मोजलं, मग वळणापासून मोजलं. दोन्हीकडून एकच जागा आली.

ती त्यांच्या बायकोची बालवाडी होती.

बालवाडी म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. दोन खोल्या, गुडघ्याएवढ्या उंचीचे नळ आणि बत्तीस मुलं. बाईंनी ती बावीस वर्षांपूर्वी सुरू केली. साऱ्या वस्तीत त्यांना 'बाई' म्हणत, अगदी ज्यांना आता मिशा फुटल्या होत्या असे माजी विद्यार्थीसुद्धा.

ग्रंथपाल घरी आले तेव्हा बाई कागदाची फुलपाखरं कापत होत्या.

"ते व्हॉल्व्हची खोली बांधणार आहेत," ग्रंथपाल म्हणाले, "बालवाडीत."

"अहो, नीट सांगा. बालवाडीशेजारी?"

"नाही. आत."

"आत म्हणजे कुठं?"

"मोठ्या गटाच्या वर्गात. साधारण तुझ्या टेबलापाशी."

बाईंनी कात्री खाली ठेवली. "आणि तुम्ही हे मला असं हळू आवाजात सांगताय? सांगा की सगळ्यांना!"

आता ग्रंथपालांनी आयुष्यात तीनपेक्षा जास्त माणसांना उद्देशून एकच वाक्य उच्चारलं होतं, आणि ते 'कृपया शांतता राखा' हे होतं. पण बाईंचा चेहरा पाहून ते लिहायला बसले. आधी कागदावर कच्चं लिहिलं, मग पक्कं, मग एका बोटानं फोनवर उतरवलं:

'सप्रेम नमस्कार. पाइपलाइनच्या अहवालातील पान २१७ सर्वांनी अवश्य पाहावे. हरकती व सूचना कार्यालयात लेखी, सहीनिशी, वीस तारखेस सायंकाळी पाचपर्यंत द्यायच्या आहेत. अन्यत्र लिहिलेले ग्राह्य धरले जाणार नाही (पान ३). कळावे, लोभ असावा.'

"अहो, यात बालवाडी कुठं आहे?" बाई म्हणाल्या.

"पान दोनशे सतरावर."

"तुम्ही लिहिली का नाहीत?"

हे ते तिसरं तत्त्व. पुस्तकात काय आहे ते वाचकाला आधी सांगू नये, ज्यानं त्यानं स्वतः वाचावं. चौतीस वर्षांत त्यांनी एकाही रहस्यकथेतला खुनी कुणाला सांगितला नव्हता. बाईंनी कपाळाला हात लावला.

तासाभरात तीनशे अंगठे आले.

'पान २१७! अखेर कुणीतरी हिंमत केली!' योगाताईंनी लिहिलं.

'पान २१७ वर तर स्वच्छ म्हटलंय की लाइन शंभर टक्के सुरक्षित आहे,' वेल्डरांनी ठोकून दिलं.

त्यानंतर पान २१७ नं जे बाळसं धरलं ते पाहण्यासारखं होतं. कुणी म्हणालं, त्यावर गुप्त करार आहे. कुणी म्हणालं, वस्तीतल्या तीनशे तरुणांना नोकऱ्या द्यायची यादी आहे. मेलेला मासा परत आला, आता त्याच्या पोटावर '२१७' लिहिलेलं होतं. दोन्ही तटांनी तो आकडा आपापल्या फोटोंना चिकटवला. नकोवाल्यांनी हिरव्या रंगात, हवीवाल्यांनी निळ्या. कपाटातला अहवाल मात्र कपाटातच होता. ग्रंथपाल मुद्दाम जाऊन पाहून आले. त्यांची कागदाची पट्टी जागची हलली नव्हती.

त्याच संध्याकाळी वेल्डर दारात उभे राहिले. दोघांची मैत्री तीस वर्षांची. रोज संध्याकाळी बुद्धिबळाचा एक डाव ठरलेला, पट ग्रंथपालांचा आणि सोंगट्या वेल्डरांच्या.

"पुस्तक्या, तू माझ्या लाइनवर उठलास?"

"मी लाइनच्या विरुद्ध नाहीये रे."

"म्हणजे बाजूनं आहेस?"

"तसंही नाही. तू ते पान—"

"पान गेलं खड्ड्यात! चौतीस वर्षं लोकांना गप्प बसवलंस, आणि आता स्वतःला कंठ फुटला होय?" असं म्हणून वेल्डरांनी सोंगट्यांचा डबा काखेत मारला आणि ते चालते झाले. जाताना एक प्यादं जिन्यावर पडलं, तेही परत येऊन घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी एक व्हिडिओवाला आला. त्याच्या एका हातात काठी होती, काठीला फोन होता. "काका, एका वाक्यात सांगा, हवी की नको?" ग्रंथपालांनी चार मिनिटं सांगितलं. नकाशा, त्याचं वर्ष, बालवाडी, नियम, सगळं. व्हिडिओ आला तो अकरा सेकंदांचा. त्यात ग्रंथपाल एकही शब्द न बोलता चष्मा पुसत होते आणि मागे ढोल वाजत होते. साठ हजार लोकांनी तो पाहिला. भाजीच्या दुकानात दोन मुली एकमेकींना कोपर मारून म्हणाल्या, "ए, तो बघ, चष्मा!" चौतीस वर्षांच्या सेवेनंतर माणसाची ओळख चष्मा एवढीच उरावी, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून ते चष्मा घरातच, दार लावून पुसू लागले.

शेवटी त्यांनी तिसरं तत्त्व गुंडाळून ठेवलं आणि सगळं स्पष्ट लिहून ग्रुपवर टाकलं. नऊ परिच्छेद.

'काका, मुद्द्याचं बोला,' पहिलं उत्तर आलं.

'हे बालवाडीचं मध्येच कुठून काढलंत? विषय भरकटवू नका.'

'पान २१७ चा अपमान सहन केला जाणार नाही.'

बाईंनी फोन हातातून काढून घेतला. पण ग्रंथपाल चिवट होते. त्यांनी शेवटचं एक विचारलं: वीस तारखेला कार्यालयात लेखी हरकत द्यायला कोण कोण येणार? एक हजार आठशे त्रेसष्ट अंगठे आले.

इथं त्यांच्या हातून जी चूक झाली ती फक्त ग्रंथपालाच्याच हातून होऊ शकते. वाचनालयात एखाद्या पुस्तकासाठी ज्यानं नाव नोंदवलं, तो पुस्तक आल्यावर येतोच. ताप असला तरी मफलर गुंडाळून येतो. म्हणून एकोणीस तारखेला ग्रंथपाल कारकुनापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "उद्या एक हजार आठशे त्रेसष्ट लोक येणार आहेत. व्यवस्था करावी लागेल."

कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं. तो धावत साहेबांकडे गेला. साहेबांनी वर फोन केला. वरून आणखी वर गेला. वीस तारखेला सकाळी कार्यालयासमोर दोनशे खुर्च्या, रांगेसाठी दोर, टोकन, पाण्याचे तीन पिंप, नवी कोरी आवक रजिस्टरं, शाईचे दोन पॅड आणि एक हवालदार असा सरंजाम उभा होता. साहेब इस्त्रीच्या शर्टात आले होते.

दहा वाजता ग्रंथपाल आले. बारा वाजता बाई आल्या, बालवाडी सुटल्यावर. तिसरं कुणी आलं नाही.

"लोक कधी येणार?" कारकुनानं बाराव्यांदा विचारलं.

"येतील. एवढी मोठी यादी म्हटल्यावर वेळ लागतोच."

एक वाजता योगाताईंची कमेंट आली: 'आज ऐतिहासिक दिवस! मी मनानं तिथेच आहे!' त्यावर चारशे जणांनी लाल बदाम टाकले. तेही मनानं तिथेच होते. हवालदाराला त्याच्या स्टुलावर डुलकी लागली. साहेब दर पंधरा मिनिटांनी खिडकीतून डोकावत आणि ग्रंथपाल जमिनीकडे पाहत. दोनशे रिकाम्या खुर्च्या माणसाकडे एकाच वेळी कशा बघतात, हे ज्यानं अनुभवलं त्यालाच कळेल.

चार वाजता ग्रंथपालांनी स्वतःचीच हरकत खिडकीतून आत सरकवली. कारकुनानं ती उलटीसुलटी वाचली.

"बाधित व्यक्ती किमान दोन पाहिजेत. नियम अकरा. दोन सह्या असल्या तरच जागेची पाहणी होते."

"मी करते ना दुसरी," बाई पुढे झाल्या. "बालवाडी माझीच आहे."

"एका घरातली एकच सही धरतात."

"अहो पण माझी मुलं—"

"बाई, मी पण तुमच्याकडे शिकलोय," कारकून खाली मान घालून म्हणाला. "पण नियम अकरा."

ग्रंथपालांनी ग्रुपवर लिहिलं: 'तातडीने एक सही हवी.' लगेच पंचावन्न अंगठे आले. बाईंनी योगाताईंना फोन लावला, तो बंद होता. साडेचार झाले. बत्तीस मुलांचं आता काय करायचं, कुठल्या झाडाखाली बसवायचं, हे बाई मनातल्या मनात ठरवू लागल्या, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर ग्रंथपालांना दिसलं. तेवढ्यात फाटकातून वेल्डर आले. काखेत फाइल.

"कुठं आहेत तुझी अठराशे माणसं?" त्यांनी खुर्च्यांवरून नजर फिरवली. "मी एकटा पुरा पडेन म्हणून आलोय समर्थनाचं पत्र घेऊन."

"तुझी माणसं कुठं आहेत?" ग्रंथपालांनी विचारलं.

वेल्डरांनी मागे वळून पाहिलं. मागे फाटक होतं.

"घे रे बाबा माझं पत्र," ते कारकुनाला म्हणाले.

"अहवालाचा पान क्रमांक टाका. संदर्भाशिवाय पत्र घेता येत नाही."

"टाक दोनशे सतरा."

"त्यात काय आहे ते एका ओळीत लिहावं लागेल." कारकुनानं अहवाल पुढे ढकलला.

वेल्डरांनी नाइलाजानं कागदाची पट्टी असलेलं पान उघडलं. आधी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "अरे, हा तर आमच्या वेळचा नकाशा! ही टाकी. इथं पाइप उतरवायचे. आणि इथं, या रिकाम्या जागेत आम्ही डबा खायला बसायचो. इथंच तर आता..." बोट थांबलं. त्यांनी बोट टाकीपर्यंत मागे नेलं आणि पुन्हा पुढे आणलं. "वहिनी, इथं तर तुमची बालवाडी आहे."

"हो भावोजी."

"माझी नात दुपारी तिथूनच आली घरी."

"मोठ्या गटात आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या टेबलाशेजारी बसते."

वेल्डर ग्रंथपालांवर उसळले. "पुस्तक्या, हे तू सांगायचं नाही?"

"सांगितलं की! नऊ परिच्छेद लिहिले!"

"नऊ परिच्छेद कोण वाचतं रे? भिंतीला भिंत लागून घर आहे आपलं. भिंतीवर बुक्की मारून सांगायचं!"

"मी कधीची हेच म्हणतेय," बाई म्हणाल्या.

"आण ते पेन. पण मी स्पष्ट लिहिणार, लाइन हवीच. फक्त पोरांच्या डोक्यावर नको."

"लिही ना. मी कुठं नाही म्हणतोय?"

वेल्डरांनी ग्रंथपालांच्याच हरकतीखाली लिहिलं आणि सही केली. चार वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती. आता कारकुनाचा हात हवेत अडला.

"ही हरकत आहे की समर्थन? दोन्हीची रजिस्टरं वेगळी आहेत. साहेबांना विचारावं लागेल."

साहेब नेमके चहाला बाहेर पडले होते. घड्याळात चार छप्पन. आणि तेव्हा ग्रंथपालांना जे झालं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी खिडकीच्या फळीवर हात आपटला. हवालदार दचकून उभा राहिला.

"एक पुस्तक दोन विषयांचं असलं म्हणून ते काय दाराबाहेर ठेवतात? ज्या विषयात लोक शोधतील तिथं ठेवायचं आणि दुसरीकडे चिठ्ठी लावायची, की तिकडे पाहा! चौतीस वर्षं केलंय मी हे! हरकतीत नोंदवा आणि समर्थनात लिहा, हरकत पाहा! मारा शिक्का!"

हे एवढ्या मोठ्यानं झालं की आतल्या तीन टेबलांवरची माणसं बाहेर आली. कारकुनानं शिक्का मारला. इतक्या जोरात, की शाई त्याच्या बाहीवर उडाली. आवक क्रमांक एक. वेळ, चार अठ्ठावन्न. बाईंनी पोच हातात घेतली, फुंकर घालून शाई वाळवली आणि मग त्या एकदम खुर्चीत बसल्या. दोनशेपैकी एक तरी खुर्ची कामी आली.

"काय रे तुझा आवाज," वेल्डर म्हणाले. "एवढी वर्षं कुठं ठेवला होतास?"

आठ दिवसांनी पाहणीचा दिवस आला. कंपनीचा इंजिनिअर, उंच, कोवळा, कपाळावर आठ्या. बरोबर कारकून. वेल्डर हजर होते. योगाताई तर फोन उंच धरून सगळं ग्रुपवर थेट दाखवत होत्या, या वेळी देहासकट. इंजिनिअरच्या एका हातात जागा दाखवणारं यंत्र होतं, दुसऱ्या हातात लाल टोकाची लाकडी खुंटी आणि हातोडा. यंत्र सांगेल तसा तो चालत राहिला. फाटकातून आत, अंगणातून पुढे, गुडघ्याएवढ्या नळांना वळसा घालून, दारात वाकून मोठ्या गटाच्या वर्गात. बाईंच्या टेबलापाशी यंत्र पीप् पीप् करून थांबलं. तोही थांबला. दोन्ही गटांची बत्तीस मुलं त्याच्याकडे पाहत होती. त्यानं हातातली खुंटी पाहिली, खालची फरशी पाहिली, नकाशा पाहिला. मग पुन्हा मुलं पाहिली. त्याचा चेहरा पार उतरला.

"हरकतदारानं आपली हरकत तोंडी मांडावी," कारकुनानं नियम वाचला.

ग्रंथपालांनी खिशातून नऊ परिच्छेद काढले, चष्मा चढवला, घसा खाकरला. योगाताईंचा फोन त्यांच्याकडे वळला. 

पण त्यांच्या आधी वेल्डरांची नात उठली. ती इंजिनिअरपाशी गेली, त्याच्या पँटला धरून तिनं त्याला जरा खाली ओढलं आणि समजुतीच्या आवाजात म्हणाली, "तू नवीन आहेस ना? रडायचं नाही हं. पहिल्या दिवशी सगळ्यांना असंच होतं. तुझी आई येईल थोड्या वेळानं."

 इंजिनिअरनं हातोडा पाठीमागे लपवला.

"त्याला जागा द्या रे," बाई म्हणाल्या.

दोन मुलांनी सरकून एक बुटकी खुर्ची मोकळी केली. इंजिनिअर तिच्यात बसला, गुडघे कानांशी आले, आणि त्या गुडघ्यांवर कागद ठेवून त्यानं लिहायला घेतलं. 'प्रत्यक्ष जागी शाळा असून ती भरलेली आहे. व्हॉल्व्ह अन्यत्र हलवणे आवश्यक. हरकत मान्य.' कारकुनानं तिथल्या तिथं शिक्का मारला. वेल्डर खिडकीबाहेर पाहून नाक शिंकरत होते.

ग्रंथपालांनी नऊ परिच्छेदांची घडी घातली आणि कागद गुपचूप परत खिशात ठेवला. मग त्या वर्गात, भर लोकांसमोर, फोन चालू असताना, त्यांनी चष्मा काढला आणि अगदी सावकाश पुसला.